सिंगल एक, क्लब मिक्स आठ. ऐकायचं काय, सोडायचं काय?

कानसेन (धागाकर्ती)

इलेक्ट्रॉनिक बँडचं नवं सिंगल आलं की दोनतीन आठवड्यांनी त्याच्यामागून रीमिक्सांची वरात निघतेच. एक्सटेंडेड मिक्स, क्लब मिक्स, डब, इन्स्ट्रुमेंटल, अकापेला, शिवाय कधी न ऐकलेल्या नावांचे तीनचार रीमिक्स. माझ्या एका लाडक्या बँडचं नुकतंच असं गाठोडं आलंय. बँड कुठला ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा 'त्यांचे जुने अल्बम बरे होते' या वळणावर जाईल आणि परत येणार नाही.

मूळ गाणं साडेतीन मिनिटांचं. नेटकं, सिंथची (सिंथेसायझरची) एक उदास ओळ, गाणारीचा आवाज अगदी कानाशी. मन भरलं नाही म्हणून रीमिक्स लावले. पहिल्यात दीड मिनिट नुसतं धप धप धप. दुसऱ्यात गाणारी थेट चौथ्या मिनिटाला उगवते, एकच अर्धी ओळ घोळवते आणि गायब होते. तिसऱ्यात मूळ गाण्यातलं काय शिल्लक आहे हेच कळेना.

हे कुणासाठी करतात? इतके का करतात? आणि त्यातले राखून ठेवण्यासारखे ओळखायचे कसे? माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त भरताड असतं. पण इथे रात्रीच्या रात्री तबकड्या वाजवणारे आणि स्वतः असले उद्योग करणारे लोक आहेत. त्यांनी बोलावं.

झोपमोड

वाचतोय. खुर्ची टाकून बसलोय.

तबकडी

ती दीड मिनिटाची धपधप तुमच्यासाठी नाहीच. माझ्यासाठी आहे.

डीजेचं एक गाणं बाहेर वाजत असतं, दुसरं हेडफोनमध्ये तयार असतं. दुसरं पहिल्यात मिसळायचं तर दोन्हींच्या मात्रा एकमेकींवर चपखल बसायला हव्यात, आणि मिसळणं चालू असताना दोन गाणाऱ्या एकाच वेळी बोलायला लागल्या तर सगळा विचका होतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी मोकळा ठेका लागतो. क्लबातलं बहुतेक संगीत चार मात्रांच्या आवर्तनांत चालतं आणि बदल आठ, सोळा, बत्तीस आवर्तनांनी होतात. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ मात्रांच्या वेगाला, ३२ आवर्तनं म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे बरोबर एक मिनिट. तेवढं मिनिट मिळालं की मी येणारं गाणं जाणाऱ्या गाण्याच्या पोटात हळूच सरकवतो, जुन्याचा बेस खाली घेतो, त्याच मात्रेवर नव्याचा वर आणतो. दोन बेस एकत्र वाजले तर स्पीकरमध्ये चिखल होतो, म्हणून ही अदलाबदल समेवरच करावी लागते.

तुमच्या साडेतीन मिनिटांच्या मूळ गाण्यात आवाज आठव्या सेकंदाला सुरू होत असेल. त्यात शिरायला मला दारच नाही. गाणं कितीही आवडलं तरी ते मी पार्टीच्या अगदी शेवटी वाजवीन किंवा वाजवणारच नाही.

आणखी एक. हे मिक्स मोठ्या सिस्टीमवर ऐकायला केलेले असतात. ४० ते ६० हर्ट्झमधला बेस फोनच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, छोट्या इअरफोनांतूनही तो छातीला जाणवत नाही. तुम्ही ज्याला 'काहीच होत नाहीये' म्हणता, तिथे खाली बेसची अख्खी चाल बदललेली असू शकते.

झोपमोड

भारी माहिती. अडाण्याची शंका: एक्सटेंडेड, क्लब मिक्स आणि डब यांत फरक काय?

तबकडी

ढोबळमानाने, एक्सटेंडेड म्हणजे मूळ गाणंच, मागेपुढे ठेका जोडून आणि मधली वाद्यांची जागा ताणून. क्लब मिक्समध्ये ठेका आणि बेस नव्याने घालतात, गाणं मात्र बरंचसं पूर्ण असतं. डबमध्ये गाणं काढून टाकतात आणि आवाजाचे चारदोन तुकडे प्रतिध्वनीत सोडून देतात. पण लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, ही नावं वाटेल तशी चिकटवतात, त्यामुळे फार विश्वास ठेवू नका.

डबबद्दल खर्ज लिहितील. नाही लिहिलं तरच आश्चर्य.

खर्ज

लिहितो तर. बोलावलंतच आहे.

डब आला जमैकातून. १९६०च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच गायनाशिवायचा अवतार छापायची पद्धत पडली. साऊंड सिस्टीमवर तो वाजवायचा आणि वर माइकवरून बोलणारा बोलायचा. किंग टबी हा मुळात विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारा माणूस. त्याने मिक्सिंगचं टेबल वाद्यासारखं वापरलं. आवाज बंद कर, नुसता बेस ठेव, एका शब्दावर एको सोड, ड्रम परत आण. गाण्यात नवीन काही न घालता, फक्त काय कधी ऐकू येईल एवढं ठरवून नवी कृती तयार होते, हे त्याने आणि त्याच्या बरोबरीच्यांनी दाखवून दिलं.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. टॉम मोल्टनला दिसलं की लोक नाचायला रंगात येतात आणि तेवढ्यात तीन मिनिटांचं गाणं संपतं. त्याने गाणी लांबवायला घेतली. मोठ्या तबकडीची गोष्ट तर निव्वळ अपघाताची: सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोल्टनचा मिक्स मोठ्या तबकडीवर कापला. जागा भरपूर, म्हणून खाचा ऐसपैस पसरल्या, पातळी वाढवता आली, आणि वाजवून पाहिलं तर बेस दणदणीत! बारा इंची सिंगलचा जन्म तिथला. दुकानात सर्वसामान्यांना विकत मिळालेलं पहिलं बारा इंची सिंगल म्हणून सॅलसोल या लेबलने १९७६ साली काढलेल्या डबल एक्स्पोजरच्या 'टेन पर्सेंट'चं नाव घेतात. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते गाणं नऊ मिनिटांच्या पुढे नेलं.

खाचांचं भौतिकशास्त्र थोडक्यात: बेस जितका मोठा तितकी खाच आडवी जास्त हलते, म्हणजे जागा जास्त खाते. सात इंचावर साडेतीनचार मिनिटं कोंबायची तर बेस आवरावा लागतो. बारा इंचावर, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने, तो मोकळा सोडता येतो. बेस दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर सुई उडते, म्हणून तो मोनो ठेवायचा. तबकड्या गेल्या तरी क्लब मिक्सांत बेस मधोमध ठेवायची सवय टिकली. मोठ्या सिस्टीमवर तेच सोयीचंही पडतं.

आणि कानसेन, इलेक्ट्रॉनिक बँडांपुरतं बोलायचं तर १९८२ विसरू नका. ह्यूमन लीगचा निर्माता मार्टिन रशंट याने 'डेअर' या त्यांच्या अल्बमवरची गाणी घेऊन 'लव्ह अँड डान्सिंग' केला. संगणकावर नाही. टेप कापून आणि जोडून. आज माउसने सेकंदात होणारा तोतरेपणा त्याने ब्लेडने कापून काढलाय. मन लावून ऐका, लाज वाटेल आपल्याला.

मंद्र

खर्जराव, दंडवत. धागा वाचनखुणेत टाकला.

कानसेन

तबकडी, खर्ज, मनापासून आभार. पण तुमच्या उत्तराने माझा प्रश्न निम्माच सुटला. मोल्टन काय किंवा रशंट काय, त्यांच्या हातात तेच गाणं होतं आणि तेच गाणं त्यांनी फुलवलं. माझ्या गाठोड्यातल्या तिसऱ्या रीमिक्सवाल्याने आवाजातले दोन शब्द घेतलेत आणि बाकी स्वतःचा माल ओतलाय. दोन शब्द बदलून तो तुकडा दुसऱ्या कुठल्याही बँडला विकता आला असता. याला या गाण्याचा रीमिक्स तरी कसं म्हणायचं?

शुद्धकल्याण

धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर: मूळ गाणं ऐकायचं, बाकी सगळं सोडायचं. ज्या माणसाने सहा महिने खपून एक सिंथची ओळ जमवली, तिच्यावर दुसऱ्याने येऊन शनिवारी रात्री बुलडोझर फिरवायचा आणि आपण त्याला कला म्हणायचं. कैच्या कै.

मूळ गाण्यापेक्षा सरस असा एक रीमिक्स दाखवा. एकच.

मंद्र

घ्या, काडी पडली.

सव्वातीन

शुद्धकल्याण, तुमच्याकडे नंतर येतो. आधी कानसेनना उत्तर, कारण असे दोन शब्दवाले रीमिक्स मीही केलेत आणि ते का होतात ते आतून माहीत आहे.

लेबलकडून एक फोल्डर येतं. त्यात स्टेम्स, म्हणजे ड्रम वेगळे, बेस वेगळा, सिंथ वेगळे, मुख्य आवाज कोरडा, तोच आवाज एको-रिव्हर्बच्या घुमाऱ्यासकट, मागचे आवाज वेगळे. सोबत टेम्पो आणि पट्टी लिहिलेली. मुदत साधारण दोनतीन आठवडे. मानधन बहुधा एकरकमी. पुढे ते कितीही वाजलं तरी गीतलेखनाचा वाटा मूळ लेखकांकडेच राहतो, मी त्यांचा एकही स्वर ठेवला नसला तरी. कधीकधी पैसेच नसतात: तू माझा कर, मी तुझा करतो. त्यामुळे काही लोक अर्धवट पडून राहिलेला स्वतःचाच ट्रॅक काढतात, त्यावर पाहुण्या आवाजाचे दोन शब्द टाकतात आणि पाठवून देतात. कानसेन, तुमचा तिसरा बहुतेक त्या जातीचा. अफेक्स ट्विनने तर या धंद्याची चेष्टाच केली, २००३ साली रीमिक्सांचा संग्रह काढून त्याला नाव दिलं 'ट्वेंटी सिक्स मिक्सेस फॉर कॅश'.

इतके का, तर प्रत्येक मिक्स वेगळ्या खोलीसाठी. एक हाऊसवाल्यांचा, एक टेक्नोवाल्यांचा, एक ड्रम अँड बेसचा, सगळे नाचाच्या संगीताचेच प्रकार. हाऊसचा डीजे १७४ बीपीएमचं गाणं वाजवणार नाही आणि ड्रम अँड बेसवाला १२२चं वाजवणार नाही. शिवाय रीमिक्स करणाऱ्याचे स्वतःचे ऐकणारे असतात, ते या बँडकडे येतील अशी आशा. आठांपैकी दोन धरले तरी लेबल खूश.

आता मन लावून करायचा असेल तर काय करतो ते सांगतो, कारण इथेच मजा आहे. पहिला प्रश्न टेम्पोचा. मूळ गाणं ९६ला असेल आणि मला १२४ हवं असेल तर आवाज जवळपास तीस टक्के पळवावा लागतो. सॉफ्टवेअर पट्टी तशीच ठेवून ताणतं-आवळतं, पण तीस टक्क्यांत व्यंजनं चिरफाळतात, श्वास यांत्रिक होतात. तेव्हा दोनच रस्ते: पूर्ण कडवं सोडून लांब स्वरांच्या जागा तेवढ्या घ्यायच्या, किंवा दुसराच ठेका निवडायचा. ८७चं संथ गाणं ड्रम अँड बेसला फुकटात मिळतं, कारण दुप्पट १७४. आवाजाला हातही लावायचा नाही, तो आपल्या गतीने गात राहतो आणि खाली ड्रम दुप्पट धावतात. अशा मिक्समध्ये पूर्ण गाणं टिकतं ते त्यामुळे. दोन शब्दच का घेतले, याचं उत्तर कित्येकदा इतकं रुक्ष असतं.

दुसरा खेळ पट्टीचा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. आवाजाची चाल तशीच ठेवायची, खालचा बेस बदलायचा. मूळ चाल मेजरमध्ये असेल, म्हणजे आपल्या हिशेबात सगळे शुद्ध स्वर, तर बेस धैवतावर नेऊन ठेवायचा. मूर्च्छना शिकलेल्यांना लगेच कळेल: तोच धैवत षड्ज मानला की तेच सात स्वर एकदम उदास होतात. गाणारीने एक अक्षर वेगळं म्हटलेलं नाही, आणि तरी आनंदाचं गाणं विरहाचं झालं. हे जमलं की मूळ सिंथ, मूळ कॉर्ड सगळं फेकून दिलं तरी मला अपराधी वाटत नाही.

मंद्र

मूर्च्छनेचा मुद्दा वाचून हार्मोनियम काढली. खरंच की!

तबकडी

शुद्धकल्याण यांना एक नाही, हवे तितके देतो. एव्हरीथिंग बट द गर्ल यांचं 'मिसिंग' १९९४ला आलं आणि फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. टॉड टेरीने १९९५ला त्यावर हाऊसचा ठेका टाकला, आवाजाला जवळपास धक्का न लावता. सिंगलांच्या यादीत ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर, अमेरिकेत दुसऱ्या. त्यानंतर त्या जोडीने स्वतःचा पुढचा अल्बमच इलेक्ट्रॉनिक अंगाचा केला. म्हणजे रीमिक्सने बँड बदलला.

टोरी एमॉसचं 'प्रोफेशनल विडो' घ्या. मूळ हार्प्सिकॉर्डवरचं, कडू, अवघड. आर्मांड व्हॅन हेल्डनने त्यातल्या एकदोन ओळी उचलल्या, खाली बेस घातला, आणि १९९७च्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. मी वाजवलंय, अजूनही पाय थांबत नाहीत.

मंद्र

आणि कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' कसं विसरलात! आपल्या आशाबाईंवरचं गाणं, त्यात लताबाई आणि रफीसाहेबांचंही नाव. मूळ १९९७चं, निवांत चालीत डुलणारं. नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, त्याचा वेग वाढवला, ड्रम जाड केले, आणि १९९८च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक.

शुद्धकल्याण

विक्रीचे आकडे म्हणजे सरसपणा नव्हे, पण ते असो. कॉर्नरशॉपचं मूळ गाणं मला आजही जास्त आवडतं. त्यातला निवांतपणाच तर त्या गाण्याचा जीव आहे.

पण तुमच्या यादीकडे जरा बघा. गिटारचं, हार्प्सिकॉर्डचं. यातलं एकही इलेक्ट्रॉनिक बँडचं नाही. गिटारवाल्या गाण्याला क्लबात न्यायला माणूस लागतो हे मान्य करतो. ज्या बँडचं मूळ गाणंच १२० बीपीएमचं आणि ड्रम मशीनवरचं आहे, त्याला रीमिक्स करणारा नेमकं काय देणार? दुसरं ड्रम मशीन?

कानसेन

शुद्धकल्याण यांना पूर्ण अनुमोदन. माझ्या मनातला प्रश्न त्यांनी माझ्यापेक्षा चांगला मांडला.

खर्ज

हा या धाग्यातला पहिला खरा अवघड प्रश्न. न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' घ्या, १९८३. ते जन्मलंच बारा इंचावर, साडेसात मिनिटांचं, सुरुवातीला नुसता किक ड्रम. क्लब मिक्स आणि मूळ गाणं एकच. त्याच्यावर नंतर जे जे झालं त्यातलं मूळच्या जवळपासही फारसं काही जात नाही, हे शुद्धकल्याण यांच्या बाजूने.

आता त्यांच्याच 'कन्फ्यूजन'कडे या. तेही १९८३चं, न्यूयॉर्कच्या आर्थर बेकरबरोबर केलेलं. पंप पॅनलने १९९५ला त्याचा जो अवतार केला त्यात गाणं जवळपास उरलंच नाही. एक ठेका, आणि टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या सिंथची अ‍ॅसिडची ओळ जी मिनिटामिनिटाला वर चढत जाते. 'ब्लेड' चित्रपटाच्या सुरुवातीच्या क्लबच्या प्रसंगात वाजतं ते हेच. मूळ गाणं गर्दीचं होतं, बडबडं होतं. याने त्यातली गर्दी हाकलली.

माझ्या मते इलेक्ट्रॉनिक गाण्यावर बेरीज करणारे रीमिक्स बहुतेक फसतात आणि वजाबाकी करणारे जमतात. डेपेश मोड, पेट शॉप बॉइज यांचे १९८०च्या दशकातले बारा इंची काढून ऐका. पेट शॉप बॉइजनी तर १९८६ला सहा गाण्यांचा 'डिस्को' नावाचा अख्खा रीमिक्स अल्बम काढला. तिथे मजा येते ती सिंथचे थर एकेक करून उचलले जातात तेव्हा. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात पाच थर एकदम वाजत असतात, तुमचं लक्ष आवाजाकडे. बारा इंचावर तो बेसचा थर एकटा चालताना ऐकू येतो आणि आपण म्हणतो, अरे, हा इथे होता होय!

सव्वातीन

खर्जांशी सहमत, एक भर. बँडने मूळ गाण्यात ज्या आवाजासाठी जीव पाखडलेला असतो, बहुतेक तो आवाजच ठेवायचा नसतो. सिंथची ती उदास ओळ मी घेतली तर माझा मिक्स तिच्या सावलीत जातो. स्टेम्समध्ये एखादा मागचा आवाज सापडतो, मूळ मिक्समध्ये पुसट केलेला, गाणारीने घेतलेला लांब हुंकार. तो पुढे आणला की गाण्याला दुसरं तोंड फुटतं. म्हणून स्टेम्स मिळाले की आधी प्रत्येक फाइल एकटी ऐकायची, मूळ गाणं शक्यतो बंद ठेवायचं.

झोपमोड

बँडनी स्वतःच स्वतःचे रीमिक्स केले तर?

खर्ज

करतात. क्राफ्टवर्कने १९९१ला 'द मिक्स' काढून आपलीच जुनी गाणी नव्या यंत्रांवर पुन्हा बांधली. अंडरवर्ल्डचं तर उलटंच. 'बॉर्न स्लिपी' नावाचा एक वेगळाच वाद्यांचा ट्रॅक होता, त्याच सिंगलवर दुय्यम म्हणून 'नक्स' ही आवृत्ती टाकली होती, १९९५ला. पुढच्या वर्षी 'ट्रेनस्पॉटिंग'मध्ये ती वाजली आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. आज 'बॉर्न स्लिपी' म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते, पहिला ट्रॅक कुणाच्या गावीही नाही.

अवांतर: लांबीचा विषय निघालाय म्हणून. द ऑर्बने १९९२ला 'ब्लू रूम' हे सिंगल काढलं. ब्रिटनच्या सिंगलांच्या यादीचा नियम होता की चाळीस मिनिटांच्या पुढे गेलं की ते सिंगल धरणार नाही. यांनी गाणं केलं चाळीस मिनिटांना दोनतीन सेकंद कमी! आणि ते आठव्या क्रमांकावर गेलं.

मंद्र

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). नियमाला धरून केलेला खोडसाळपणा.

कानसेन

तबकडींचा सल्ला मानून गाठोडं मित्राच्या मोठ्या स्पीकरांवर ऐकलं. डब मिक्सबद्दल त्यांचं म्हणणं पटलं: खाली बेसची चाल खरोखर बदलते आणि फोनवर त्यातलं काहीएक येत नव्हतं. तो ठेवला. ड्रम अँड बेसचाही ठेवला, त्यात पूर्ण गाणं आहे आणि सव्वातीन म्हणतात तसा आवाज स्वतःच्या गतीने चाललाय.

बाकीच्यांबद्दल मत कायम आहे, उलट वाढलंय. त्यातले दोन तर चक्क तीन मिनिटांचे आहेत. नाव 'क्लब मिक्स', सुरुवातीला मोकळा ठेका नाही, आवाज पाचव्या सेकंदाला. तबकडी, हे तुमच्या कामाचे आहेत का?

तबकडी

अजिबात नाही. सुरुवातीला जागा नाही, शेवटही कापल्यासारखा.

सव्वातीन

ते स्ट्रीमिंगसाठी. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावर गाणं 'वाजलं' असं धरतात. मिनिटभर नुसता ठेका ठेवला तर माणूस तिसाव्या सेकंदाआधीच पुढे जातो. म्हणून आता सांगूनच येतं: लांब आवृत्ती डीजेंच्या दुकानांसाठी, म्हणजे बीटपोर्टसारख्या ठिकाणी, आणि आखूड आवृत्ती ऐकणाऱ्यांसाठी. कल्पना ठीक आहे. पण लेबलं घाई करतात, रीमिक्स करणारा सहा मिनिटांची रचना तीन मिनिटांत कापतो, आणि जी गोष्ट हळूहळू चढायला हवी होती ती सुरुवातीलाच चढलेली असते.

मी तर म्हणेन, कानसेन, तुमच्या गाठोड्यातले खरे भरताड हे आखूडच. डीजेसाठी केलेला सरळसोट, कंटाळवाणा मिक्स परवडला. तो घरी ऐकायला बोअर होईल, पण रात्री दोन वाजता त्याचं काम चोख करतो. घरी हेडफोनवर ऐकायला केलेला, ठेका जवळजवळ नसलेला रीमिक्सही परवडला. हे मधलेच कुणाचे नाहीत.

कानसेन

हे बेस्ट. म्हणजे राखायचा की टाकायचा हे ठरवताना मिक्स कुणासाठी केलाय ते आधी बघायचं. लांबीवरून आणि सुरुवातीवरून निम्मं कळतं.

झोपमोड

ज्यांना लेबल बोलावत नाही त्यांनी काय करायचं? मला करून बघायचंय.

सव्वातीन

खुल्या स्पर्धा असतात, तिथे स्टेम्स मिळतात. जस्टिस या फ्रेंच जोडीचं नाव अशाच एका स्पर्धेसाठी केलेल्या, सिमियन या बँडच्या गाण्याच्या रीमिक्समुळे झालं. नाहीतर आता तयार गाण्यातून आवाज वेगळा काढणारी साधनं आहेत. डीझर या स्ट्रीमिंग कंपनीने २०१९ला स्प्लीटर हे असंच साधन फुकट खुलं केलं आणि तेव्हापासून दर शनिवारी बिनपरवानगीच्या रीमिक्सांचा पाऊस पडतो. सरावाला वापर. पण प्रसिद्ध करायचं असेल तर ध्वनिमुद्रणाची आणि गीताची, दोन्ही परवानग्या लागतात. शिवाय असा काढलेला आवाज एकटा ऐकला तर त्यात झांजांचा पाचोळा राहिलेला कळतो. वर जाड ठेका असेल तर लपतो, मोकळ्या जागेत उघडा पडतो.

सुरुवात १२४ला कर, बेस मोनो ठेव, आणि पहिल्या आवर्तनात सगळं सामान मांडू नकोस.

शुद्धकल्याण

एक बारीकसा प्रश्न. कानसेनबाईंनी पहिल्या पोस्टमध्ये अकापेला लिहिलंय. ते कशासाठी असतं?

तबकडी

अकापेला म्हणजे वाद्यांशिवाय नुसता आवाज. डीजे ते दुसऱ्या एखाद्या वाद्यांच्या ट्रॅकवर चालता चालता टाकतात. ऐकून बघा एकदा. रिव्हर्बची शेपटी, मधले श्वास, ओळ संपल्यावरची शांतता, सगळं उघडं असतं.

शुद्धकल्याण

ऐकलं. गाठोड्यातलं हे मला चालतं. यावर कुणी ठेका टाकू नये.

सव्वातीन

उशीर झाला हो, झोपमोडने टाकलाय. मला रात्री फाइल पाठवली. किक फार मोठा आहे, पण बेस धैवतावर नेलाय.

झोपमोड

किक कमी करतो. लिंक उद्या, वेगळ्या धाग्यात.